आकडी येईपर्यंत

अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बॉथेलमधल्या एका बायोटेक कंपनीत मी नोकरीला होते. मला कॉलेजपासून आकडी येत असे. औषधं बदलत बदलत शेवटी एक गोळी लागू पडली आणि सहा वर्षं काही झालं नाही. २००४च्या सुरुवातीला कंपनीने आमचा आरोग्य विमा बदलला. फार्मसीतली बाई म्हणाली, "ही गोळी आता विम्यात बसत नाही. आधी त्यांच्या यादीतली दुसरी घ्यावी लागेल."

मी विमा कंपनीला फोन केला.

"ती दुसरी गोळी मी पुण्यात असताना घेतली होती. गुण आला नव्हता."

"त्याचे कागद आहेत?"

नव्हते. पुण्याचे डॉक्टर वारले होते, दवाखाना बंद झाला होता.

"मग इथे पुन्हा घेऊन बघा. अपयश आलं की आम्ही जुनी मंजूर करू."

"अपयश म्हणजे मला आकडी यायला हवी?"

फोनवरचा माणूस म्हणाला, "हो, तसंच."

इथल्या डॉक्टरांनी पत्र लिहिलं. ते नामंजूर झालं. जुनी गोळी स्वतःच्या खर्चाने परवडणारी नव्हती. मी गोळी बदलली.

पाचव्या आठवड्यात लॅबमध्येच पडले. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती आणि शेजारच्या टेबलावर काम करणारी नागपूरची मैत्रीण माझ्याजवळ जमिनीवर बसली होती. तिला डायबेटीस होता. नंतर ती म्हणाली, "सेम प्लॅन आहे यार. माझं इन्शुलिन कुणी बंद नाही केलं. मग तुझंच का?"

तिचं इन्शुलिन यादीत होतं, माझी गोळी नव्हती.

आठवड्याभरात जुन्या गोळीला मंजुरी आली. डॉक्टरांनी सहा महिने ड्राइव्ह करायला मनाई केली. रोज मैत्रीणच मला आणायची, सोडायची. कंपनीत पुढच्या वर्षीचा विमा प्लॅन ठरवण्याची मीटिंग लागली तेव्हा तीही माझ्यासोबत आली. मी आजार कुणाला सांगत नसे. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितला. "ज्यांना औषध लागू पडलंय, त्यांना ते बदलायला लावू नका," एवढंच मागितलं.

ते मान्य झालं, पण आधीपासून नोकरीत असलेल्यांपुरतं. त्यानंतर रुजू झालेल्या एक बाई संधिवाताच्या औषधासाठी माझ्याकडे आल्या; त्यांनाही आधी यादीतलं दुसरं घ्यायला सांगितलं होतं. मी त्यांचा अर्ज लिहून दिला. तो नामंजूर झाला. उन्हाळ्यापर्यंत त्यांना लॅबमध्ये द्रव मोजायची पिपेटही हातात धरता येईना. त्यांनी नोकरी सोडली.