चार चामोटे आणि एक सासरे

माझ्या सासऱ्यांना मी भर ओढ्यात घोडीवरून पाडलं, ते केवळ मला दाढी करायची होती म्हणून.

माझे सासरे सेलूच्या अदालतीत पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडणारे कारकून. थंडी असो की ऊन, अंगात शेरवानी. रोज सकाळी स्वतःच्या हाताने दाढी करत. ज्याला स्वतःची हनुवटी सांभाळता येत नाही, तो संसार काय सांभाळणार, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. म्हणून लग्नात त्यांनी मला हैदराबादहून मागवलेला विलायती वस्तरा दिला. (मला अंगठीची आशा होती. पण ते असो.) लग्न झालं आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांच्या सेवेला आमची मंडळी वर्षभर माहेरीच राहिली आणि वस्तरा माझ्या पेटीत राहिला.

मग पत्र आलं. ‘पुढल्या गुरुवारी येतो. घर पाहीन, तुम्हांस पाहीन, आणि मन राजी झाल्यास मुलीस पाडव्याच्या आत रवाना करीन. आपण वस्तरा रोज वापरत असालच.’

शेवटचं वाक्य वाचून मी पेटीतला वस्तरा काढून बघितला. आमच्या घरात आजवर कुणी स्वतःची दाढी केलेली नव्हती. दर सोमवारी किसनबा न्हावी यायचा, डोकं दोन गुडघ्यांत धरायचा आणि आपण डोळे मिटून घ्यायचे. बदल्यात सुगीला तो खळ्यावरून आपलं धान्य न्यायचा. वस्तरा चामोट्यावर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, ओढल्याशिवाय गालाला लावायचा नसतो, एवढं मला कळत होतं. पण तो चामोटा कसला असावा आणि वस्तरा त्यावर कसा ओढावा, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी मी फक्त सट् सट् आवाज ऐकला होता.

सगळ्या गावात हे ठाऊक होतं एका किसनबाला, आणि नेमकं त्यालाच विचारायची सोय नव्हती. ज्याच्या आजाने आमच्या पणजोबांची दाढी केली, त्याला ‘चांगला चामोटा कसा ओळखावा?’ असं विचारणं म्हणजे ‘उद्यापासून येऊ नको’ असं सांगणं. तो सोमवारी आला तेव्हा, गुरुवारी स्वतः करायला दाढी उरावी म्हणून, मी गालावरून उपरणं गुंडाळून बसलो.

“बसा की मालक.”

“न्हाई किसनबा. दाढीचा नवस बोललोय.”

“कोन्या देवाला?”

इतका खोल विचार मी केला नव्हता. “अजून ठरायचाय,” मी म्हणालो. किसनबाने आपली पाण्याची वाटी उचलली आणि तो दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दाढी करायला गेला.

मग मी चामड्याच्या शोधाला लागलो. पहिली निवड दादांची जुनी वहाण. तळ सोडवला, खुंटीला बांधला आणि वस्तरा त्यावर सट्कन ओढला. तळाचे दोन तुकडे झाले. चामडं कच्चं, मी मनाशी म्हणालो. दुसरी निवड बैलाच्या घुंगरमाळेचा पट्टा. तो रुंद होता, तेल पिऊन मऊ झाला होता. त्याचेही दोन तुकडे झाले आणि घुंगरं गोठाभर उधळली. बैल माझ्याकडे आणि आई बैलाकडे बघू लागली.

“काय करायलास रे?”

“चामडं बघायलोय.”

“बैलाच्या गळ्यात?”

मी विहिरीकडे निघालो. माझ्या ध्यानात आलं होतं की चांगल्या चामोट्याला पाण्यात मुरलेलं चामडं लागतं. असं चामडं म्हणजे विहिरीवरच्या मोटेची सोंड, मोटेतलं पाणी बाहेर सोडणारी चामड्याची नळी. (हे मला कुणी सांगितलं, असं नंतर दादांनी पुष्कळदा विचारलं. कुणीच नाही, माझं मलाच सुचलं.) सोंडेवर वस्तरा ओढताच ती इतकी सुबक कापली गेली की क्षणभर मला कौतुकच वाटलं. दुसऱ्या दिवशी दादांनी मोट वर ओढली, तर पाणी काठावरच्या थारोळ्यात यायच्या आत विहिरीत परत गेलं. गव्हाचं पाणी दोन दिवस खोळंबलं. दादा उंदरांना शिव्या देत होते आणि मीही दोन दिल्या.

उरला बुधवार. गालावर नऊ दिवसांची दाढी, वस्तरा अजून गालाला शिवलेला नाही. संध्याकाळी गोठ्यात खुंटीवरचं खोगीर दिसलं आणि मी जागीच थांबलो. खोगीर घोडीच्या पोटाखालून आवळायचा जो पट्टा असतो, तो तंग! वर्षानुवर्षं घाम आणि तेल पिऊन काळाभोर झालेला. असलं चामडं निजामाच्या न्हाव्याकडेही नसेल. मी वस्तरा टेकवला, जपून ओढला आणि निम्मा तंग कापला गेला. तेवढ्यात दादा खाकरले. मी तंग होता तसा लटकावून दिला. पाहुण्यांना आणायला बैलगाडी जाणार होती, तेव्हा काळजीचं कारण नव्हतं.

सकाळी उठलो तर बैल मोटेवर जुंपलेले.

“गाडी न्हाई गेली?” मी आईला विचारलं.

“सोंड आत्ता शिवून आली, गव्हाचं पाणी खोळंबलंय न्हवं? दादा घोडी घेऊन गेलेत पिंगळीच्या टेसनावर.”

मी धावत सुटलो. ओढ्यापाशी पोचलो तेव्हा पलीकडून दादा घोडीचा लगाम धरून येत होते आणि वर शेरवानीतले पेशकारसाहेब. धावताना मला वाटलं होतं, किडकिडीत गृहस्थ आहेत, निम्मा तंग पुरेल. पण वर्षभरात ते चांगलेच भरले होते. मी हात वर करून ओरडलो. त्यांना वाटलं जावई सलाम करतोय. सलामाला सलाम म्हणून त्यांनी हात उचलला, कट्कन आवाज झाला आणि ते खोगिरासकट, बसल्या बैठकीतून न हलता, म्हशींच्या चिखलात उतरले. हात शेवटपर्यंत कपाळाशीच होता.

घरी आल्यावर त्यांनी चेहरासुद्धा धुतला नाही. तंग हातात घेऊन उजेडात धरला.

“हा तुटला न्हाई. कापलाय. जुर्म हाय हा. गावात एवढं धारदार हत्यार कुणाकडं हाय?”

दादा नाइलाजाने म्हणाले, “तसं एका किसनबाकडंच.”

किसनबाला बोलावणं गेलं. तो आला, त्याने तंगावरून अंगठा फिरवला आणि हात जोडले.

“साहेब, माजा वस्तरा असा चालला असता तर मी सेलूत दुकान थाटलं असतं. हे विलायती पोलाद हाय.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. निरपराध माणूस माझ्यापायी उभा होता, मला फार लाज वाटली. मी पेटी उघडली आणि चारही चामोटे, उंदरांच्या खात्यावर गेलेला सोंडेचा तुकडा धरून, आणि तो नवसही कबूल केला. “पण चामडं कच्चं निघालं,” एवढं मात्र मी सांगितलं.

“वढून दाखवा बरं,” किसनबा म्हणाला.

मी तंगाचा उरलेला तुकडा ताणून धरला आणि वस्तरा ओढला. तुकड्याचे दोन झाले.

किसनबा कपाळाला हात लावून खालीच बसला. “मालक, पाठ पुढं आन धार मागं ठेवून वढत असत्यात. तुमी धार पुढं घालून कापतच निघालाव. आन एक सांगा, जो वस्तरा मोट कापतो, त्याला तुमी धार कायला लावायलाव?”

मी वस्तरा मिटून खाली ठेवला.

 वाळलेल्या चिखलाखाली पेशकारसाहेबांच्या मिशा हलल्या. ते हसत होते.

“किसनबा, पहिलं आमची दाढी करा, मग यांचा नवस फेडा. आन जावईबापू, मुलगी आठ दिवसांत पाठवतो. पण हा वस्तरा किसनबाला देऊन टाका. माझी लेक आन हा वस्तरा, दोन्ही तुमच्या घरात ऱ्हाणार न्हाईत. काय ठेवायचं ते बोला.”

मी अर्थातच योग्य तेच उत्तर दिलं. फक्त वस्तरा विलायती होता म्हणून ते द्यायला जरा उशीर झाला. तो किती झाला, हे दादांनी सुनेला ती आल्या दिवशीच चारही चामोट्यांच्या हकिकतीसकट सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात मला भाजी चिरायला विळी मिळालेली नाही.