वरच्या मजल्यावरची आपली माणसं

बेर्शेबाला आम्हाला घर मिळालं तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझी बहीण पाच. त्याआधीचे दोन हिवाळे, बॉम्बेहून ज्यूंच्या या नव्या देशात आल्यापासून, आम्ही माआबारात, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या छावणीत, पत्र्याच्या खोलीत काढले होते. तिथे सगळ्या रांगेला मिळून एक नळ. त्यामुळे नव्या घरात पाऊल टाकल्यावर आई आधी मोरीत गेली. तिने नळ सोडला, बंद केला, परत सोडला. बाबा म्हणाले, "पुरे आता, पाणी फुकट जातंय." पण तेही हसत होते.

सरकारने बांधलेली ती वस्ती. हिब्रूत ‘शिकून’ म्हणायचे तिला. दोन मजली लांबट इमारती, एका जिन्याला चार बिऱ्हाडं. आम्ही तळमजल्यावर, समोरच्या दारात रुमानियाहून आलेलं एक म्हातारं जोडपं आणि त्यांच्या डोक्यावर मोरोक्कोचं एक कुटुंब. आमच्या डोक्यावर कोण राहतं ते पहिल्याच दुपारी कळलं. वरच्या गॅलरीतून एक बाई आपल्या पोरावर ओरडली, "मुडद्या, खाली पडून मरशील ना!"

आईच्या हातातलं गाठोडं तसंच राहिलं. "अगो बाय," ती म्हणाली, "आपली माणसं आहेत वर!"

दोन वर्षं तिला बाबांशिवाय आणि माझ्याशिवाय मराठीत बोलायला कोणी नव्हतं. त्या बाईची शिवी ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पहिल्याच आठवड्यात तिने मलिदा केला. पोहे बॉम्बेहून आणलेल्या डब्यातले, अगदी तळाचे. नारळ कुठून मिळणार? साखर आणि खजूर घातले. ताट घेऊन मला वर पाठवलं. वरची बाई आईपेक्षा लहान असावी, पण दिसायची थोराड. कडेवर एक मूल, पदराला एक, आणि मागे चार. तिने ताट हातात घेतलं आणि विचारलं, "कुठली गो तुम्ही?" मी आईच्या गावाचं नाव सांगितलं, तर ती मटकन उंबऱ्यावर बसलीच. तिचं माहेर त्याच खाडीच्या पलीकडच्या काठाला होतं.

महिनाभर आई सुखात होती. दुपारी वरची बाई खाली येई, दोघी मिळून तांदूळ निवडत आणि खाडीकाठच्या माणसांची एकेक आठवण काढत. कोण मेलं, कोण गेलं, कुणाची मुलगी कुठे दिली. मी शाळेतून आले की दारातूनच त्यांचा आवाज ऐकू येई आणि मला बरं वाटे.

तिचा नवरा बॉम्बेला गोदीत फिटर होता. हाताने हुशार, पण इथे त्याच्या हाताला फिटरचं काम कोणी दिलं नाही. बाबा आणि तो एकाच टोळीत रस्त्याच्या कामावर जात, उन्हात खडी पसरत. बाबा बॉम्बेला एका मिलमध्ये कारकून होते. त्यांनाही ते काम जड जाई, पण ते घरी येऊन गप्प बसत. तो मात्र अराक पिऊन घरी येई. कामाचे दिवस कमी झाले तसं त्याचं पिणं वाढलं.

आधी सुरू झालं ते पाण्याचं. वरच्या गॅलरीतून खरकटं पाणी खाली येऊ लागलं, ते थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर. मग त्यांनी जिन्यात कोंबड्या बांधल्या. मोठी दोन पोरं जिन्यातच लघवी करत. जिन्यातला दिवा त्यांनी तीनदा फोडला. आईने खिडकीखालच्या पट्टीत मेथी आणि कोथिंबीर लावली होती. रेताड जमिनीत ती कशीबशी वीतभर वाढली आणि एका सकाळी कोंबड्यांनी ती उकरून टाकली. बाबांनी संत्र्यांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून कुंपण केलं. चार दिवसांत त्या फळ्या वरच्यांच्या चुलीत गेल्या. आम्ही धूर बघितला.

आई दर वेळी म्हणे, "जाऊ दे. तिला सहा पोरं आहेत. ती एकटी कुठे कुठे बघणार?"

शेवटी बाबा वर गेले. मी त्यांच्यामागे जिन्यात उभी होते. ते दारातूनच म्हणाले, "भाऊ, पोरांना जरा समजावा. कपडे पुन्हा पुन्हा धुवावे लागतात घरी."

तो बाहेर आला. "समजावू? मला समजावणारा तू कोण? बॉम्बेला खुर्चीत बसून पंख्याची हवा खात होतास. इथे माझ्याबरोबर खडी उचलतोस ना? मग सायेबपणा कुणाला दाखवतोस?"

त्यानंतर त्याने आईला, आमच्या सगळ्या घराण्याला शिव्या दिल्या. आणि पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी ते ठरूनच गेलं. आम्ही शब्बाथचे दिवे लावून टेबलाशी बसलो की तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन उभा राही आणि बाबांचं नाव घेऊन सुरू होई. बाबा वाइनच्या पेल्यावर प्रार्थना म्हणत ती मोठ्याने, आणखी मोठ्याने. बहीण कानांवर हात ठेवी. जिन्यातल्या इतरांना नुसता आरडाओरडा ऐकू येत असणार. आम्हाला त्यातला एकेक शब्द कळत होता. आईबद्दल तो जे बोले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारच्या बैठका थांबल्या. वरची बाई जिन्यात भेटली तर मान खाली घालून जाई.

इतर बिऱ्हाडांना आमच्यात आणि त्यांच्यात काही फरक दिसत नव्हता. दोन्ही घरांचा रंग एक, भाषा एक. आम्ही होदिम, हिंदुस्थानवाले. रुमानियाची म्हातारी आधी आईला पाहून हसायची. तीही एके दिवशी नाकाला रुमाल लावून मला म्हणाली, "तुझ्या लोकांना सांग, जिना म्हणजे संडास नाही."

मी म्हटलं, "ते आमचे नातेवाईक नाहीत."

"पण भाषा तर एकच बोलता ना?" ती म्हणाली.

आईला हे कळल्यावर तिने दुसऱ्या दिवशी सगळा जिना फिनेल टाकून घासला, वरपासून खालपर्यंत. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा तसाच झाला. तिने पुन्हा घासला. असे तिने किती दिवस काढले कोण जाणे. पुढे पुढे ती हे कुणाशी न बोलता करत असे, आणि आम्ही शाळेतून आलो की तिचे हात सोललेले असत.

म्हाताऱ्याने मग घरांच्या कचेरीला अर्ज लिहिला आणि सहीसाठी बाबांकडे आणला. बाबांना हिब्रू थोडं समजायचं, पण वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या जिन्यातल्या होदिमना इथून हलवावं. वरचे की खालचे, ते कुठेच नव्हतं.

"म्हणजे आपणसुद्धा?" बाबांनी विचारलं.

मी मान हलवली. बाबांनी कागदाची घडी घालून म्हाताऱ्याला परत दिली. त्या दिवसापासून म्हाताऱ्याचंही बोलणं बंद झालं. त्याच्या मते आम्ही आमच्या माणसांना पाठीशी घालत होतो.

दोन आठवड्यांनी बाबांनी मला समोर बसवलं आणि आमचा वेगळा अर्ज लिहायला सांगितला. ते मराठीत सांगत, मी शाळेच्या वहीतल्या पानावर हिब्रूत उतरवत होते. त्यांनी एकही वाईट शब्द वापरू दिला नाही. ‘दारू’ लिहितानाही ते थांबले. मग म्हणाले, "लिही. खरंच आहे ते."

कचेरीचा माणूस आला तो महिन्याभराने, एका दुपारी. हातात फाइल, घाम पुसत. आधी आमच्याकडे आला, फोडलेला दिवा बघितला, कोंबड्या बघितल्या आणि म्हणाला, "चला वर." बाबांना त्या दिवशी काम नव्हतं, वरचा नवरा मात्र कामावर होता. दार बाईने उघडलं. तिचा डावा हात कोपरापासून काळानिळा झालेला होता. तिने तो पदराखाली घेतला.

"हिला हिब्रू येतं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग तू सांग मला. हिला विचार, इथे भांडणं होतात का? नवरा पितो का? खालच्या लोकांना त्रास देतो का?"

मी मराठीत विचारलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग हळूच, पण भराभर बोलली. "बाय, तुझ्या पाया पडते. त्याला सांग, काय नाय म्हणून. सांगशील ना? हे घर गेलं तर माझी पोरं परत पत्र्यात जातील. मागच्या थंडीत एक गेलं माझं तिथे, तुला ठाव नाय. तू पण लेकच आहेस ना गो कुणाची?"

बाबा माझ्या मागे, दोन पायऱ्या खाली उभे होते. आई दारात होती. कचेरीच्या माणसाने पेन्सिल हातात धरली होती.

"काय म्हणते ती?"

मी म्हटलं, "ती म्हणते, काही भांडण नाही. मुलं लहान आहेत, त्यांचा गोंगाट होतो, एवढंच."

"एवढं बोलली, आणि एवढंच?"

"हो."

त्याने ते लिहून घेतलं. फाइल मिटली. जाताना बाबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "सबलानूत, अदोनी. सबूर, साहेब. तुम्ही एकाच देशातले आहात, आपसात मिटवा."

बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना समजलंच नाही.

मला वाटत होतं की आता ती बाई नवऱ्याला सांगेल, या मुलीने आपलं घर वाचवलं, आणि तो सुधारेल. बारा वर्षांच्या मुलीला असंच वाटणार. तिने सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. अर्ज झाल्याचं मात्र त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून येत होते तेव्हा तो जिन्याच्या तोंडाशी बसला होता. "कंपलेट करतोस माझी?" म्हणून तो उठला आणि त्याने बाबांच्या तोंडात मारली. चष्मा खाली पडला, तो त्याने पायाखाली घेतला. मोरोक्कोची मुलं गॅलरीतून बघत होती. रुमानियाच्या म्हाताऱ्याने दार किलकिलं केलं आणि परत लावलं. बाबांनी हात उचलला नाही. वाकून चष्म्याची काडी तेवढी उचलली आणि घरात आले.

आईने त्यांच्या ओठावरचं रक्त पुसलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावून घेतली. तिला रडताना आम्ही ऐकलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिने जेवण वाढलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात सगळेच दबक्या आवाजात बोलू लागले. खिडक्या उन्हाळ्यातसुद्धा बंद. बहिणीने मराठीत हाक मारली की आई तिला गप्प करी. खालच्या पट्टीकडे ती पुन्हा फिरकली नाही. तिथे आता वरच्यांचा कचराच पडायचा.

चष्मा नसल्यामुळे बाबांना कामावरही त्रास होऊ लागला. शेवटी ते मला घेऊन कचेरीत गेले. तोच माणूस टेबलामागे होता. बाबांनी घर बदलून मागितलं.

"त्यांना का नाही हलवत?" हे मी माझ्या मनाने विचारलं.

त्याने फाइल उघडली. "त्यांना सहा मुलं. एवढी मोठी जागा दुसरीकडे कुठून आणू? आणि इथे तर लिहिलंय, भांडण नाही. कुणाला कशासाठी हलवू? तुम्ही चौघं. तुम्हाला हलवणं सोपं आहे." मग म्हणाला, "येरुहामला जागा आहे. उद्या गेलात तर उद्या."

येरुहाम तेव्हा म्हणजे वाळवंटात टाकलेल्या थोड्या घरांची रांग. बाबांनी मान डोलावली. मी भाषांतर करायच्या आधीच ते "बेसेदेर" म्हणाले. ठीक आहे.

परतीच्या वाटेवर मी त्यांना सांगून टाकलं की त्या दिवशी मी खोटं भाषांतर केलं. माझ्यामुळे हे झालं. बोलताना मला हुंदका आवरेना.

"मला कळलं होतं," बाबा म्हणाले. "तेवढं हिब्रू येतं मला."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"त्या बाईचा हात बघितला मी," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, बोलून तरी काय होणार आहे?" याहून जास्त त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. ती दया होती की त्यांनी तेव्हाच हाय खाल्ली होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघायच्या सकाळी ट्रक आला. सामान चढवत असताना वरची बाई खाली आली. नवरा कामावर गेला होता. तिने आईचा हात धरला. "माझ्याशी कोण बोलेल गो आता? मला एकटीला टाकून चाललीस?"

आईने हात सोडवून घेतला नाही. ती बाई रडत होती आणि आई तिच्या खांद्यावरून ट्रककडे बघत होती, जणू कुणी परकी भाषा बोलतंय. मग ती ट्रकमध्ये चढली. रुमानियाची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "देव तुम्हाला शांती देवो." तिचं अर्धं संकट तरी टळलं होतं. वर्षभराने बेर्शेबाच्या कुणाकडून तरी कळलं की वरचे तिथेच आहेत, सगळं तसंच आहे, आणि आमच्या जागी आलेले लोकही आता घर बदलून मागताहेत.

येरुहामला बाबांना पुढे कारखान्यात काम मिळालं. शेजारी चांगले होते. डाव्या हाताला राहणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी गरम पाव आणून दिला. आईने दार अर्धंच उघडलं, पाव घेतला, मान लववली आणि दार लावून घेतलं. दोन वर्षांनी आमच्याच लोकांची तीन कुटुंबं त्या रांगेत राहायला आली. रस्त्यावरून मराठी ऐकू येऊ लागली. मी धावत घरात जाऊन सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "ऐकलं मी. खिडकी ओढून घे."

त्या घरात आम्ही वीस वर्षांहून जास्त राहिलो. त्या तीन घरांपैकी एकाचाही उंबरा आईने कधी ओलांडला नाही.