डेपोअण्णांचा कान

गाडी जॅकवर असतानाच मी लोअर आर्मचे बोल्ट गच्च आवळून टाकले होते. अठरा वर्षांच्या गाडीचे पुढचे रबरी बुश आपल्या हातांनी बदलले, या आनंदात मळमड्डीतल्या आमच्या गल्लीतून एक फेरी मारली. कट्ट्यावर डेपोअण्णा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चाक लोंबत असताना आवळलास काय रे तम्मा? पिळून मारलास की त्या रबराला!" गाडी त्यांनी पाहिलीही नव्हती, नुसती ऐकली होती. मग सगळे बोल्ट सैल करून, चाकं जमिनीला टेकवून, गाडीचं वजन आल्यावर ते पुन्हा आवळायला लावले.

अण्णा बस डेपोत फिटर होते. निवृत्त झाले, तरी रविवारी केशवापूरहूनसुद्धा लोक गाड्या घेऊन त्यांच्या दारात यायचे. अण्णा बॉनेटला हात लावायचे नाहीत. ड्रायव्हरशेजारी बसायचे, डोळे मिटायचे आणि गतिरोधकावरून दोनदा न्यायला सांगायचे. "डोळे उघडे असले की कान आळशी होतो," म्हणायचे. मग एकच शब्द यायचा, "बुश." तेवढ्यावर मालक पार्ट आणायला पळायचा. पुन्हा कुणाला विचारायची गरजच नसे.

जॅकवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "जॅक म्हणजे जावई. कधी रुसेल नेम नाही." गाडीखाली लाकडी ठोकळा सरकवल्याशिवाय ते हात घालू देत नसत. एकदा मी ठोकळा विसरलो, तर त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि "जा घरी" म्हणाले. काम माझ्याच अंगणात चाललं होतं, तरी मी गेलो.

गेल्या दिवाळीनंतर गाडी पुढून पुन्हा कटकट वाजायला लागली. आवाज उजवीकडून, थेट माझ्या पायाखालून येत होता. अण्णांना शेजारी बसवलं, बायको मागे बसली. गतिरोधक दोनदा झाला. "तडि, थांब, आणखी एकदा," म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा न्यायला लावलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग म्हणाले, "डावा. बॉल जॉइंट." आरशात बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार, तोच मी मान हलवली.

रविवारी आम्ही डावा बॉल जॉइंट बदलला. पुन्हा चक्कर मारली. कटकट होती तिथेच होती. अण्णांनी डोळे मिटलेच नाहीत, ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आवाज गेला ना रे?"

"गेला, अण्णा."

ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर एक बंद दुकान होतं.

गुरुवारी अण्णा मठात जायचे. मी रजा टाकली आणि ते गल्लीबाहेर पडताच उजवं चाक काढलं. चोरी करताना माणूस इतका घामाघूम होत नसेल. बायको फाटकात पहारा देत होती. "अहो, आटपा! आरती संपली असेल!" दोन बोटं सोलून घेतली, पण अण्णा परतायच्या आत उजवीकडे नवा बॉल जॉइंट बसला आणि चाक चढलं.

संध्याकाळी अण्णा आले. सरळ गाडीच्या उजव्या बाजूला गेले, खाली वाकले. मळकट लोखंडात तो एकच नवा नट चकाकत होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अण्णांनी चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"बॉल जॉइंट दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे असतात, तम्मा," ते हळूच म्हणाले. "सांगायचं राहिलंच बघ माझं."

पुढच्या रविवारी कुणी गाडी घेऊन आलं, तर अण्णांनी कट्ट्यावरूनच माझ्याकडे बोट केलं, "त्याला बसवून घ्या. कान तयार झालाय त्याचा." मी डोळे मिटून बसलो, सगळेच आवाज ऐकू आले, त्यातला कुठला कशाचा ते कळेना. तरी घाबरत "बुश" म्हणालो. अण्णा खाली वाकून हातानं चाचपून आले आणि मोठ्यानं म्हणाले, "बरोबर!"

संक्रांतीनंतर मुलानं त्यांना बेंगळूरला नेलं. निरोप देऊन घरी आलो. अण्णांची लाज राहिली, एवढं तरी आपल्या हातून झालं, असं मी बायकोला म्हणालो.

ती माझ्या बोटांवरचे वण बघत म्हणाली, "उभ्या जन्मात एक काम नीट केलंत, आणि नेमकं तेच कुणाला सांगायची सोय नाही."