डॅशबोर्डवरचं कुंकू

बाबांना लकवा मारला तेव्हापासून गाडी अंगणातच उभी होती. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि निम्मे शब्द तोंडातच विरायचे. तरी आपण परत गाडी चालवणार असं ते धरून चालले होते. रोज सकाळी हातात रबरी चेंडू घेऊन व्यायाम करायचे, तो त्याच्यासाठीच. म्हणून गाडी विकायचं ठरलं तेव्हा त्यांना कोणीच सांगितलं नाही. काकांनी घाटंजीचा एक माणूस पाहिला होता. इंजिन ठीक आहे, आतून तेवढी माणसात आणा, असं तो म्हणून गेला. आईने बाबांना सांगितलं की दसरा आला, पोरगी पूजेसाठी गाडी साफ करून राह्यली.

मी फारशी बोलत नाही. घरात काही अवघड चाललं असलं की हाताला काम शोधते. फोनवर इंग्रजीतले व्हिडिओ पाहिले, पण त्यांतल्या गाड्यांवर नुसती धूळ असायची. आमच्या डॅशबोर्डवर खोबरेल तेल होतं. गाडी चमकते म्हणून बाबा दर रविवारी ते बोटांनी चोळायचे. आमच्याकडच्या उन्हात तेल चिकट व्हायचं, त्यावर धूळ बसायची, कापसाच्या दिवसांत रस्त्यावर उडणारे तंतू बसायचे. पुढच्या रविवारी त्याच्यावर पुन्हा तेल.

साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन मी तो थर काढत बसले. खालचं प्लास्टिक राखाडी झालं होतं, काचेजवळ तडकलं होतं. दाराला हात टेकायच्या जागी बाबांच्या कोपराने खळगा पडला होता. तिथलं सुटलेलं कापड मी चिकटवलं. खळगा भरता आला नाही.

बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसून बघायचे. त्यांचं बोलणं आईला कळायचं, ती ते माझ्यापर्यंत पोचवायची. हवेच्या जाळीत काडीला कापूस गुंडाळून घाल. काचेला ओलं फडकं नको. एकदा त्यांनी सांगितलं, कळंबला गणपतीला जाऊ, तू पुढे बस. मी मान हलवली आणि जाळी घासत राहिले.

समोरच्या कप्प्याच्या झाकणावर हळदकुंकवाचं स्वस्तिक होतं. दर दसऱ्याला बाबा जुन्या रेषांवरूनच नवं काढायचे. जुनं पुसायचं नाही, हा त्यांचा नियम. घाटंजीच्या माणसाला ते नको होतं, आपली पूजा तो आपल्या हाताने करणार होता. मी ते काम शेवटावर ढकललं. बाबा आत झोपलेले असताना सुरुवात केली. साबण लागताच हळद आणखीच लाल झाली आणि लाल पाणी पायपुसणीवर उतरलं. मग स्पिरिट घेतलं. अर्धं निघालं तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आई बाबांना बसवत होती.

त्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग आईला नाही, मला विचारलं. शब्द तुटके होते, पण कळले.

"कोणाले देली?"

"काहीतरीच काय," आई म्हणाली. "दसऱ्याले नवं काढाचं नाही का?"

"नव्यासाठी पुसत नाही."

मी आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"घाटंजीला," मी म्हटलं.

बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मंग अर्धं काहून ठेवलं? पुरं पूस."

मी पुरं पुसलं. बाकीचं झाकण उन्हाने फिकं पडलं होतं. कुंकवाखालचं प्लास्टिक तेवढं मूळच्या काळ्या रंगाचं राहिलं होतं, त्यामुळे स्वस्तिक तसंच दिसत होतं, फक्त काळं. त्याला काही करता येत नव्हतं. बाबांनी खुर्ची आत न्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चेंडू घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिने त्यांची बोटं एकेक करून उघडली, चेंडू ठेवला, बोटं मिटली. बाबा भिंतीकडे बघत होते. चेंडू घरंगळून खाटेखाली गेला. आईने तो काढला नाही.