आग्रहाचा भात

सोमवार, बारा जानेवारी, सकाळचे साडेसहा. हजर: मी आणि आमचे व्याही. गैरहजर: आमचे यजमान, पांघरुणात. विषय: चालणे.

कामाशिवाय एक पाऊलही न टाकणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो माझ्या लेकीचा सासरा आहे. ज्याचा जन्म तलावावर मासे धरण्यात गेला, त्याला नुसतं चालायला सांगणं म्हणजे कोरड्या बांधावर जाळं फेकायला सांगणं. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जाळ्याची गाठ बोटांनी चाचपून मारायची वेळ आलेली, आणि डॉक्टर म्हणाले, "आधी साखर उतरवा, मग डोळ्याला हात लावतो." दवाखाना चंद्रपुरात, म्हणून व्याही आमच्याकडे, याद्या करायची सवय माझी, म्हणून साखरही माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी ते कोपऱ्यावर थांबले. "इहीनबाई, कोणी इचारलं कुठी चालले, तं काय सांगू?"

"फिराले चाललो म्हणा, भाऊ."

"आमच्या गावात बिनकामाचा फिरते त्याले लोक हात धरून घरी आणून सोडतात."

वस्तीच्या टोकाला वाघ दिसल्याचं ऐकून मी उजाडल्यावरच निघायचं ठरवलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, "वाघ बी कामानंच निंगते." शेवटी मीच काम काढून दिलं: पुलापर्यंत जायचं आणि येताना काहीतरी घेऊन यायचं. त्यानंतर व्याही कधी रिकाम्या हाताने परतले नाहीत. शेवग्याची पानं आली, हरभऱ्याची कोवळी भाजी आली (कुणाच्या शेतातली, हे मी विचारलं नाही), एका पायाची खुर्ची आली, सायकलचं टायर आलं. एकदा धूसर डोळ्यांनी शेवगा समजून कडुनिंबाचा पाला आणला. मी तो टाकायला निघाले, तर "राहू द्या, साखरेले चांगला असते," म्हणत त्यांनी उभ्या उभ्या मूठभर चावला आणि त्यावर दोन तांबे पाणी रिचवलं.

दवाखान्यातून मिळालेल्या आहाराच्या कागदावर ओट्स, बदाम, ऑलिव्हचं तेल असं कायकाय होतं. आमच्या मिळकतीत ते आठवडाभरही बसलं नसतं. मी कागद उलटा केला आणि मागे आपल्या बाजारात मिळेल ते लिहिलं: ज्वारीची भाकर, मोडाचे मूग, मूठभर शेंगदाणे, रोज पालेभाजी, रश्श्यातली लहान मासळी. रोज रात्री एकेका ओळीपुढे खूण करायची. चौदा दिवस सगळ्या खुणा झाल्या, आणि साखर जिथल्या तिथे! मी दमून खुर्चीत बसले. "भाऊ, खरं सांगा, बाहेर काय खाऊन येता?"

"बाहेर काई नाई." ते भिंतीकडे बघत म्हणाले, "रोज भात तं तुमीच वाढता."

खरंच होतं. भाकर संपली की माझा हात आपोआप भाताच्या पातेल्याकडे जायचा. "घ्या, एवढासाच. व्याह्याच्या ताटात भात नाही असं कसं?" भात यादीत नव्हता, म्हणून तो कधी तपासलाच गेला नाही.

"मग नाई म्हणायचं ना!"

"तुमच्या हातचं नाई म्हणू? घरी तुमची पोरगी हाय. तिले काय सांगू, तुया मायचा भात टाकून आलो?"

आणि इकडे मला वाटायचं, आग्रह नाही केला तर लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. एकाच पोरीसाठी आम्ही दोघं साखर चढवत बसलो होतो.

त्या दिवसापासून आग्रह बंद. भाकर वाढून मी हात मांडीवर दाबून बसायची. तेही खाली मान घालून जेवायचे आणि लवकर उठायचे. इतकी उद्धट मी आयुष्यात कधी वागले नव्हते. साखर मात्र उतरली, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते हिरवा चष्मा लावून गावी गेले.

पंधरा दिवसांनी फोन आला. "इहीनबाई, जाळ्याची गाठ दिसून राह्यली."

"चालता का?"

"तलावावर जातो अन् येतो. काम हाय ना."

"आणि भात?"

"सूनबाई दुसऱ्यांदा वाढतच नाई. तुमीच शिकवलं दिसते." थोडं थांबून म्हणाले, "चांगलंच हाय. पण ताटावर बसलं का पाव्हण्यावानी वाटते."

डावा डोळा कधी, असं विचारल्यावर म्हणाले, "मासोळी निंगू द्या, मंग येतो." मासोळी निघाली, तलाव आटत आला, ते आले नाहीत. लेक म्हणते, तूच ये म्हण, तुझं ऐकतील. या आठवड्यात तीनदा मी फोन हातात घेतला. नुसतं "या" म्हटलं तर ते यायचे नाहीत, आणि आग्रह करायला माझी जीभ आता अडखळते. डावा डोळा अजून राहिलाच आहे.