काकूंचे श्वास मोजताना

मी मालवणकडचा, आठवीत शाळा सोडलेला. नागपुरात घरमालकीण काकूंनी भाड्याच्या खोलीसोबत रोजचं ताटही दिलं. त्या न्युमोनियाने व्हेंटिलेटरवर गेल्या तेव्हा माझं धाबं दणाणलं.

एकदा मशीनचा आधार कमी करून पाहिला, तर त्यांचा श्वास भरभर आणि उथळ चालला. आधार पुन्हा वाढवावा लागला. दुसऱ्या दिवशी परत आधार कमी करून अर्ध्या तासाची परीक्षा. मला नुसतं उभं राहवेना. सिस्टर म्हणाली, "मशीन दाखवतेच, पण मिनिटभर तुम्ही बी श्वास मोजा. जीव थाऱ्यावर राहीन."

काकू टक्क जाग्या होत्या. मी अठरापर्यंत आलो, तोच सिस्टर म्हणाली, "भाऊ, तुम्ही काहून श्वास रोखून राहिले? तुम्हालेच मशीन लावा लागन!" काकूंचे डोळे हसले आणि माझी मोजणी चुकली.

काकूंचा श्वास मात्र शेवटपर्यंत संथ राहिला. डॉक्टरांनी खोकायला लावून नळी काढली. बसक्या आवाजात काकूंनी पहिलं विचारलं, "किती भरले गा?"

"विसरलो, काकू."

"म्हणून सांगत होती तुले, आठवीत शाळा सोडाची नसते!"

एवढी गोड बोलणी मी शाळेतही कधी खाल्ली नव्हती.