प्रबंध ऐकणारे चाचा

बारामतीत चाचांकडे प्रबंध बांधायला नेला की ते आधी कागदांना हातच लावत नसत. समोरचं लोखंडी स्टूल पायानं पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा. काय शोधलं ते सांगा. आन् विंग्रजी नगं." सांगून झाल्याशिवाय दाभण हातात घ्यायचे नाहीत. पाच-सहा वर्षं खपून लिहिलेला प्रबंध एका बाइंडरला मराठीत सांगायचा म्हटल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळायची. आमच्या कॉलेजातले एक सर भर सेमिनारमध्ये तासभर बोलायचे, पण त्या स्टुलावर त्यांना घाम फुटलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

दुकान बसस्थानकाच्या मागे दोन गल्ल्या आत होतं. चाचा राहायचे सणसरला आणि रोज एसटीनं यायचे. ऊसगळिताच्या दिवसांत भवानीनगरच्या साखर कारखान्याची काजळी त्यांच्या पांढऱ्या टोपीवर बसलेली असायची, ती ते दुकानात शिरण्याआधी पायरीवर झटकायचे. शिक्षण सातवीपर्यंत. मराठी झरझर वाचत, इंग्रजीतले आकडे आणि आकृत्या तेवढ्या पाहत. आत खळीचा ओलसर, आंबूस वास आणि उंच झरोक्यातून येणारी उन्हाची एक तिरीप, एवढंच काय ते वैभव. त्या वासात मला गुंगी यायची. खरं सांगायचं तर माझं तिथं काही काम नसतानाही मी शनिवारी दुपारची शाळकरी पोरीसारखी जाऊन बसायचे.

कारण तिथं ऐकायला मिळायचं. कुणी उजनीच्या पाणफुगवट्यातल्या गोगलगायींवर काम केलेलं असायचं, कुणी उसाच्या ट्रॉल्या गेल्यावर कालव्याचा पूल किती थरथरतो ते मोजलेलं असायचं. एका मुलीनं जुन्या पेंटरांनी रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांवर प्रबंध लिहिला होता. चाचा कागदाच्या घड्या घालता घालता हुंकार द्यायचे. डोळे अर्धे मिटलेले. मीही पेंगुळायचे आणि मग त्या झोपाळू दुपारी गोगलगायी पुलावरून चालू लागायच्या, पूल हळूच थरथरायचा आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी निळ्या रंगानं भलंमोठं अक्षर काढत बसलेलं असायचं. चाचांच्या डोक्यात हे कायमचंच होतं बहुतेक. विज्ञान, कला, इंजिनिअरिंग अशा भिंती त्यांनी कधी मानल्या नाहीत. पाट्यांवाल्या मुलीला त्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं, "त्या पुलवाल्या सरांना भेटा एकदा. अक्षर काढताना हात थरथरतो म्हनता न्हवं तुमी? थरथरन्यातलं लई कळतं त्यांला." ती खरंच भेटायला गेली.

ही ऐकण्याची सवय त्यांना कशी लागली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांच्याकडे एकाच आठवड्यात दोन मराठी प्रबंध आले होते. एक आठवडे बाजारांवरचा, दुसरा भजनातल्या तालांवरचा. गडबडीत तालांची सोळा पानं बाजारात शिवली गेली आणि बाजाराची तशीच मागे राहिली. पाचही प्रतींत. शेळ्यांचे भाव संपले की एकदम मृदंगावर हात कसा ठेवावा ते सुरू. वर्षभरानं साफसफाईत उरलेली पानं सापडली, तेव्हा चाचांना घोळ कळला. ती छातीशी धरून ते त्या बाजारवाल्या संशोधकाच्या घरी गेले. तोवर त्याला पदवी मिळून हारतुरेही सुकले होते. त्यानं पानं बघितली, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "चाचा, आता गप बसा."

"मला वरडले आस्ते तरी चाललं आस्तं," चाचा म्हणाले, "पर कुनी म्हंजी कुनीच वाचलं न्हवतं वो. एवढा मानूस बाजार-बाजार हिंडला, आन् त्याचं कुनी वाचलं न्हाय." चूक यांची, आणि वाईट वाटत होतं ते त्या माणसाच्या वाया गेलेल्या पायपिटीचं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की आपल्या हातून जाणारं प्रत्येक काम निदान एका माणसाला तरी ठाऊक असेल.

मग माझी पाळी आली. मी इंदापूरला रसायनशास्त्र शिकवते. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या चाळीस विहिरींचं पाणी तीन वर्षं दर महिन्याला तपासून मी प्रबंध लिहिला होता. उन्हाळा चढतो तसं पाणी खारट होत जातं, असा माझा निष्कर्ष होता. साधा, सरळ, आलेखावर सुंदर दिसणारा. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. या वेळी तारीख चुकली तर नोंदणी रद्द होणार होती आणि नोकरीत कायम होण्याची संधीही तिच्याबरोबर जाणार होती. उरले होते दोन दिवस.

स्टुलावर बसून मी घडाघडा सांगितलं. इतक्या वर्षांच्या शनिवारांनी मला तयार केलं होतं. चाचा खूश दिसले. मग प्रबंधाच्या शेवटी चिकटवायचा घडीचा नकाशा त्यांनी उलगडला. घड्या नेमक्या कुठे पडायला हव्यात ते बघायला त्यांना असा नकाशा बराच वेळ न्याहाळावा लागे. त्यांचं बोट एकेका टिंबावरून फिरत राहिलं. मग त्यांनी विहिरींचा तक्ता काढला. त्यावरूनही बोट फिरलं.

"ताई, नकाशात चाळीस टिंबं हायती. तक्त्यात येकुनचाळीस हिरी."

बावडा गावची एक विहीर मी तक्त्यातून, आलेखातून, सगळीकडून काढून टाकली होती. नकाशातून काढायची राहिली होती. त्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट व्हायच्याऐवजी गोड होत जायचं. तीन वर्षं, दर उन्हाळ्यात. माझा सरळ निष्कर्ष तिनं पार वाकडा करून टाकला होता.

"तिचं गणित बसत नव्हतं, चाचा."

"हीर चुकली, का तुमी चुकला?"

"ते मला माहीत नाही."

"मंग तसंच लिवा की. म्हाईत न्हाय म्हनून. त्यात काय लाज हाय?"

"परवा शेवटची तारीख आहे, चाचा!" मी जवळजवळ ओरडलेच. आपली चूक असली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

चाचांनी नकाशाची घडी घातली आणि कागद पुढ्यात ओढले. प्रबंध त्यांनी नेहमीसारखाच देखणा बांधला. सोनेरी अक्षरांत एक कण इकडचा तिकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी पाचही प्रती वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देताना मात्र म्हणाले, "बांधायचं काम केलंय. पर ह्यो प्रबंद मी ऐकला न्हाय, आसं समजा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

मला पदवी मिळाली. टिंबं कुणीही मोजली नाहीत. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी नकाशाची खास स्तुती केली, तेव्हा मी हसून आभार मानले. नोकरी कायम झाली, शाल मिळाली, गावात फ्लेक्स लागला. आणि मी त्या गल्लीत जायचं सोडलं. बारामतीला काम निघालं तरी लांबच्या रस्त्यानं जायचे. चार वर्षं अशी गेली. या काळात मला चाचांची जितकी आठवण आली, तितकी माझ्या मार्गदर्शकांची कधी आली नाही.

शेवटी एका मार्चमध्ये मी बाटल्यांची पेटी घेऊन बावड्याला गेले. विहिरीचे मालक, सगळे त्यांना आबा म्हणतात, बांधावर उभे होते. मला बघून म्हणाले, "आलात व्हय परत? मला वाटलं आमची हीर नापास झाली!"

दोन वर्षं मी दर महिन्याला जात राहिले. भूजलातल्या एका जाणकाराला सोबत घेतलं. हळूहळू उलगडलं ते असं, की नीरा नदीच्या जुन्या, बुजून गेलेल्या पात्राचा एक पट्टा त्या शेताखालून जातो. उन्हाळ्यात उपसा वाढला की त्या वाळूतून गोडं पाणी विहिरीकडे ओढलं जातं. दुपारी विहिरीच्या काठावर बसलं की वाटायचं, वर हिरवागार ऊस डोलतोय आणि खाली कुणालाच न दिसणारी एक नदी अजून आपली चाललीय. ते कळलं त्या दिवशी मी इतकी आनंदात होते की पदवीच्या दिवशीही नव्हते.

त्यावर मी आठ पानांचा शोधनिबंध लिहिला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की ही विहीर मी प्रबंधातून जाणूनबुजून वगळली होती आणि त्यामुळे तिथला माझा निष्कर्ष अपुरा आहे. विद्यापीठालाही तसं पत्र पाठवलं. आमच्या प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, हे लिहायची काही गरज होती का?" गरज कुणाला होती, हे त्यांना सांगणं अवघड होतं.

निबंध छापून आला तो घेऊन मी बारामतीला गेले. दुकानाला कुलूप होतं. आता प्रबंध संगणकावरूनच पाठवतात, बांधायला फारसं कुणी येत नाही, असं शेजारच्यांनी सांगितलं. तशीच सणसरला गेले. चाचा अंगणात लिंबाखाली खाटेवर बसले होते. नजर पार गेली होती. मी नाव सांगितलं, तसे बाजूला सरकले आणि खाटेवर जागा करून दिली. ही आमची शेवटची भेट ठरली. पुढच्या थंडीत ते गेले.

मी त्यांना विहिरीची सगळी हकिकत सांगितली. खालच्या नदीपाशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली, जणू ती त्यांना ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "आन् चूक? ती कुटल्या पानावर लिवली?"

"पहिल्याच पानावर."

"वाचा."

मी तो परिच्छेद मराठीत करून वाचला. इतक्या वर्षांचं ओझं कसंबसं एका दमात संपवलं.

"परत वाचा," चाचा म्हणाले. त्यांनी हात पुढे करून कागदाची कड धरली. "आन् सावकास, ताई. आता कुटं तारीक चुकतीया?"